वावरातलं तोडलेलं झाड: गाडायचं, अंथरायचं की कोळसा करायचा?

धुऱ्यावरची बाभूळ किंवा वाळलेलं संत्र्याचं झाड तोडलं की बुंधा व्यापारी नेतो, फांद्या सरपणाला जातात आणि उरलेला पसारा तिथंच पेटवला जातो. पर्माकल्चरची, म्हणजे निसर्गाच्या धर्तीवर टिकाऊ बाग करणाऱ्यानं तो पेटवू नये, यावर वाद नाही. पुढं मात्र तीन वाटा आहेत: लाकूड मातीत गाडायचं, तुकडे करून जमिनीवर अंथरायचं, की कोळसा करून मातीत मिसळायचं. माझ्या मते त्यातली कोणती धरायची, हे विदर्भात झाडापेक्षा जमीन आणि पाऊस ठरवतात.

लाकडांवर माती चढवून उंच ढीग करायचा आणि त्यावर भाजीपाला घ्यायचा, ही 'हुगेलकल्चर' पद्धत जर्मनी-ऑस्ट्रियाकडची. तिथल्या थंड, ओल्या हवेत असा ढीग लवकर तापतो, निचराही होतो. अकोला-यवतमाळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असतो. तसाच ढीग इथं दोन्ही अंगांनी वाळतो आणि कोरड्या लाकडाला उधळी (वाळवी) लागते. म्हणून कोरडवाहू वावरात ढीग नको, चर खणा. उताराला आडवा, गुडघाभर खोल. तळाला जाड लाकूड, वर फांद्या, मग शेण, पाला आणि माती. माती वीतभर उंच ठेवा, कारण लाकूड कुजेल तसा वाफा खचतो. कुजकं लाकूड स्पंजासारखं पाणी धरतं, खरा फायदा तोच. पण काळ्या भारी जमिनीत सखल जागी चर खणलात, तर पावसाळ्यात पाणी तुंबतं, मातीला कुबट वास येतो आणि मुळं सडतात. तिथं चराच्या एका टोकाला पाणी निघायला वाट हवीच. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात 1200 मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो, तिथं मात्र उंच ढीगच बरा.

गाडण्याआधी लाकूड पारखा. सालई, काटेसावर, पांगारा, शेवगा लवकर कुजतात. साग आणि बाभळीचा गाभा वर्षानुवर्षं कुजत नाही. तो मातीत घालणं मला पटत नाही. मांडवाचे खांब करा, वखराच्या दांड्याला ठेवा. चाकूचं टोक सहज रुततं ते अर्धकुजलं लाकूड चरासाठी सगळ्यात चांगलं. ताज्या लाकडात नत्राच्या शेकडो पट कर्ब असतो, शेणखतात जेमतेम वीस-पंचवीस पट. लाकूड कुजवणारे जिवाणू भोवतालच्या मातीतलं नत्र ओढून घेतात आणि पिकं पिवळी पडतात. म्हणून पहिल्या वर्षी वांगी-टमाटे नकोत, चवळी किंवा वाल लावा आणि शेणकाला (पाण्यात कालवलेलं शेण) सढळ हातानं द्या.

बहुतेकांना मी अंथरायलाच सांगेन. बारीक फांद्यांत, सालीत आणि पानांत जाड लाकडापेक्षा पोषण जास्त असतं, आणि तुकडे जमिनीच्या वरच राहिले तर नत्राची ओढ वरच्या पातळ थरापुरतीच राहते. फांद्या ओल्या असतानाच तुकडे करणाऱ्या भाड्याच्या यंत्रातून काढा, वाळल्यावर यंत्राला जड जातात. चार बोटं जाड थर दिला की उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा कमी पडतात. संत्र्याच्या झाडाला मात्र खोडापासून हातभर जागा मोकळी ठेवा. खोडाला ओल लागून राहिली तर डिंक्याला (खोडातून डिंक गळण्याच्या रोगाला) आमंत्रणच. यंत्राचं भाडं हीच यातली अडचण. दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून आणलं तर परवडतं, शिवाय हंगाम संपल्यावर पऱ्हाटीही (कापसाची उरलेली झाडं) त्यातूनच निघते. बोंडअळीच्या दृष्टीनंही पऱ्हाटी वावरात उभी राहू नये.

कोळशाची घाई नको. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीचा सामू (आम्ल-विम्लतेचं माप) मुळातच 8 च्या आसपास, म्हणजे विम्ल असतो, त्यात राखमिश्रित कोळसा घालून फारसं साधत नाही. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या हलक्या, लाल जमिनीत तो उपयोगी पडतो. आधी शेणकाल्यात मुरवून मगच घाला. एका बाबतीत मात्र जमीन कुठलीही असो, कोळसाच करा: झाड मूळकुजीनं किंवा डिंक्यानं मेलं असेल, तर ते लाकूड बागेत गाडूही नका, अंथरूही नका.

आणि कुऱ्हाड लावण्याआधी झाड कोणतं आहे ते बघा. साग, मोह, आंबा, चिंच, खैर, जांभूळ ही झाडं 1964 च्या महाराष्ट्र झाडे तोडणे (नियमन) अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत. स्वतःच्या वावरातलं असलं तरी आधी परवानगीचा अर्ज करावा लागतो.