खाजनातला कोरगुट: महाग, पण चवीला खरा

गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका शेतकरी बाईंकडून पाच किलो कोरगुट उकडा तांदूळ घेतला. दाणा आखूड, जाड आणि तांबूस असून त्याची पेज दाट होते. सुक्या बांगड्याबरोबर तिला तोड नाही. मात्र शिजायला वेळ फार लागतो, म्हणून रात्रभर भिजत घालावा. खडे निवडावे लागले, ही तक्रार आहेच.

दर साध्या उकड्यापेक्षा बराच चढा आहे, परंतु तो मला अवाजवी वाटत नाही. कोरगुट पिकतो ती खाजन म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाऊ शकणारी जमीन. तिला बांध आणि मानस, म्हणजे भरतीला मिटणारे व ओहोटीला उघडणारे दार, राखते. पावसाने माती धुतली गेली तरी थोडा खार उरतोच, आणि तो सोसणारे कोरगुटासारखे जुने वाण तिथे टिकतात. पूर्वी बांधांची देखरेख कोमुनिदाद, म्हणजे गावकऱ्यांची जुनी सामूहिक संस्था, करीत असे. कूळ कायद्यानंतर तो भार कुळांच्या संघांवर आला. मानशीतल्या मासळीच्या लिलावातून पैसा येतो खरा, पण मासळीच्या लोभाने खारे पाणी आत घेतले की भात बुडते. बांध एकदा फुटला की घरच्या पेजेपुरतेही पीक हाती लागत नाही.

पिशवीवर गावाचे नाव आणि कापणीचा हंगाम लिहिलेला असता तर बरे झाले असते. पुढच्या खेपेला दहा किलो घेणार आहे.