डोळ्यांवरचा ताण: ताटाकडे लक्ष द्यावं की सवयींकडे?

संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरायला लागतात, कपाळ जड होतं आणि सल्ले सुरू होतात. कुणी गाजर-पालक खायला सांगतं, कुणी ल्युटीनच्या (पालेभाज्यांत असणाऱ्या पिवळ्या रंगद्रव्याच्या) गोळ्या सुचवतं, कुणी निळा प्रकाश अडवणारा चष्मा, तर कुणी थोड्या थोड्या वेळाने लांब बघायला सांगतं. सगळं एकदम सुरू केलं की पंधरा दिवसांत सगळंच सुटतं. त्यामुळे जोर कशावर द्यायचा, हे आधी ठरवलेलं बरं. माझं मत आत्ताच सांगून टाकतो: रोजच्या थकव्यावर सवयी, पुढच्या वर्षांसाठी आहार आणि या दोन्हींच्या आधी चष्म्याचा नंबर.

थकतं नेमकं काय?

दोन वेगळ्या तक्रारी आपण ‘डोळे थकले’ या एकाच नावाने सांगतो. उपाय निवडताना घोळ होतो तो इथेच.

पहिली तक्रार स्नायूची. जवळचं पाहताना डोळ्यातला एक बारीक स्नायू आकसतो आणि त्यामुळे आतलं भिंग फुगतं. किती फुगवावं लागेल हे अंतरावर ठरतं. ज्याला नंबर नाही किंवा ज्याच्या चष्म्याचा नंबर बरोबर आहे, त्याला 6 मीटरपलीकडे पाहताना जवळजवळ काहीच जोर लावावा लागत नाही. 1 मीटरवर 1 डायऑप्टर (भिंगाची ताकद मोजायचं एकक, चष्म्याचा नंबरही यातच असतो), 50 सेंटीमीटरवर 2, 25 सेंटीमीटरवर थेट 4. पडून मोबाइल बघताना तो बहुतेकदा याच शेवटच्या अंतरावर असतो. शिवाय दोन्ही डोळे नाकाच्या दिशेने वळवून धरावे लागतात, ते काम वेगळंच. कोपर वाकवून पिशवी तासभर तशीच धरून ठेवली तर दंडाचं जे होईल, तेच इथे होतं. कपाळ दुखणं आणि स्क्रीनवरून मान वर केल्यावर समोरचं क्षणभर धूसर दिसणं, या त्याच्या खुणा.

दुसरी तक्रार डोळ्याच्या पृष्ठभागाची. डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर असतो आणि त्याच्यावर तेलाचा त्याहून पातळ थर. पापणी लवते तेव्हा हे तेल पसरतं आणि खालचं पाणी उडून जात नाही. एरवी पापण्या मिनिटाला साधारण 15 वेळा लवतात. स्क्रीनसमोर हे प्रमाण निम्म्यावर, कधी एक तृतीयांशावर येतं. त्यातही बऱ्याच वेळा पापणी अर्धीच मिटते. मग चुरचुर, वाळू गेल्यासारखं वाटणं आणि, विचित्र वाटेल पण खरं, डोळ्यांतून पाणी वाहणं. कोरडेपणाने चिडलेला डोळा पाणी सोडतो. त्यामुळे ‘माझ्या डोळ्यांना तर पाणी येतं, ते कोरडे कसे?’ हा प्रश्न फसवा आहे.

आहार कुठपर्यंत पोहोचतो?

‘अ’ जीवनसत्त्वाशिवाय दृष्टिपटलात अंधुक प्रकाश टिपणारं रंगद्रव्य तयार होत नाही. कमतरता झाली तर रातांधळेपणा येतो, डोळे कोरडे पडतात आणि दुर्लक्ष झालं तर पारदर्शक पटलाला कायमची इजा होते. तिथे आहार किंवा औषधी मात्रा हाच इलाज. पण कमतरता नसेल तर? हे जीवनसत्त्व शरीर यकृतात साठवून ठेवतं. भरलेल्या साठ्यावर आणखी गाजरं खाल्ल्याने आकसलेला स्नायू सैल होत नाही आणि पापणीही जास्त लवत नाही.

गोळ्यांच्या बाबतीत थोडं सावध राहायला हवं. भाज्यांमधलं कॅरोटीन, ज्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवतं, जास्त झालं तर फार तर त्वचेवर पिवळसर झाक येते. तयार ‘अ’ जीवनसत्त्वाची गोष्ट वेगळी: प्रौढांसाठी दिवसाला 3000 मायक्रोग्रॅम ही वरची मर्यादा मानतात. त्यापुढे रोज घेत राहिलं तर यकृताला धोका आणि गरोदरपणात बाळाला.

ल्युटीनचा दावा जास्त सुशिक्षित दिसतो, कारण त्याच्यामागे खरं संशोधन आहे. 2013 साली एआरईडीएस-2 या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात 10 मिलिग्रॅम ल्युटीन आणि त्याच्याच जातीचं 2 मिलिग्रॅम झियाझँथिन वापरलं होतं. पण ती चाचणी वयोमानाने दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजत चाललेल्या लोकांवर होती आणि प्रश्न तो आजार पुढे सरकतो का, हा होता. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या तिशीतल्या माणसाच्या थकव्याशी तिचा संबंध नव्हता. एका आजाराचा पुरावा दुसऱ्याच तक्रारीच्या डबीवर चिकटवण्याची ही युक्ती पूरक गोळ्यांच्या धंद्यात जुनीच आहे.

ओमेगा-3 ची कहाणी याहून बोलकी. कोरड्या डोळ्यांसाठी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल वर्षानुवर्षं सुचवल्या गेल्या. 2018 मध्ये ड्रीम नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात 535 जणांना वर्षभर कॅप्सूल दिल्या होत्या. काहींना रोज 3000 मिलिग्रॅम ओमेगा-3, बाकीच्यांना ऑलिव्ह तेल. बरं दोन्ही गटांना वाटलं, पण दोन गटांत अर्थपूर्ण फरक निघाला नाही. कॅप्सूलने ‘गुण आला’ असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. पण तो गुण ओमेगा-3 चाच होता, असं यावरून म्हणता येत नाही.

म्हणून आहाराबद्दल माझा हिशोब असा: हिरव्या पालेभाज्या, पिवळी-केशरी फळं-भाज्या, अंडी, मासे यांतलं जे चालत असेल ते नियमित खावं आणि सोबत थोडं तेल-तूप असावं, कारण ल्युटीन आणि कॅरोटीन स्निग्ध पदार्थाशिवाय नीट शोषले जात नाहीत. आठवड्याभरात डोळे हलके वाटतील अशी अपेक्षा मात्र नको. अपवाद त्यांचा, ज्यांचं खाणं फारच मर्यादित आहे, ज्यांना अन्नशोषणाचा आजार आहे किंवा ज्यांची वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झाली आहे. त्यांनी रक्त तपासून घ्यावं. त्यांच्या बाबतीत आहार पहिल्या क्रमांकावर येऊ शकतो.

सवयी: फुकट, पण विसरण्याजोग्या

सवयींचा फायदा असा की त्या वर सांगितलेल्या दोन्ही कारणांना थेट हात घालतात. तोटाही तितकाच खरा: कामाच्या भरात आठवण राहत नाही. गोळी आठवणीने घेतली जाते, पापणी आठवणीने कोण लववणार? म्हणून मी सवयींचे दोन भाग करतो.

पहिला भाग एकदाच करायच्या बदलांचा, आणि सुरुवात इथूनच करावी. स्क्रीन डोळ्यांपासून हातभर, म्हणजे 50 ते 70 सेंटीमीटरवर. तिची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. नजर खाली असली की पापणी थोडी मिटलेली राहते, डोळ्याचा उघडा भाग कमी होतो आणि अश्रू कमी उडतात. अक्षरं मोठी करा, म्हणजे पुढे झुकावं लागणार नाही. खिडकी पाठीमागे किंवा थेट समोर नको, बाजूला असावी. पंख्याचा किंवा एसीचा झोत चेहऱ्यावर येत असेल तर तो वळवा. चुरचुर हीच मुख्य तक्रार असेल तर एवढ्यानेही त्याच दिवशी फरक कळू शकतो. हे सगळं अर्ध्या तासाचं काम आहे आणि पुन्हा लक्षात ठेवावं लागत नाही.

दुसरा भाग रोज पाळायचा. दर 20 मिनिटांनी 20 फुटांवर 20 सेकंद पाहा, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. त्यातले आकडे तोंडी राहावेत म्हणून जुळवलेले आहेत. 25 मिनिटं झाली तर बिघडत नाही. नजर लांब गेली पाहिजे आणि त्या वेळात पापण्या पूर्ण मिटून उघडल्या पाहिजेत. लॅपटॉपवरून मान उचलून मोबाइल पाहणं ही विश्रांती नव्हे, कारण स्नायूचं काम त्याने उलट वाढतं. आठवणीसाठी गजर लावता येतो, पण चार दिवसांनी तो बंद केला जातो. फोनवर बोलताना उठून लांब बघायचं, अशी एखाद्या ठरलेल्या कामाला जोडलेली सवय जास्त टिकते.

मधले पर्याय

निळा प्रकाश अडवणारा चष्मा: कॉक्रेन ही संस्था एकाच प्रश्नावरच्या चाचण्या एकत्र तपासते; तिच्या 2023 च्या आढाव्यात 17 चाचण्या तपासल्या. साध्या काचांच्या तुलनेत डोळ्यांचा थकवा कमी होतो असं अल्पकाळात तरी दिसलं नाही. चष्मा करायचाच असेल तर जादाचे पैसे या थरावर घालू नयेत.

कृत्रिम अश्रूंचे थेंब कोरडेपणावर खरोखर उपयोगी. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर संरक्षक रसायन नसलेले घ्यावेत. लाली घालवणारे थेंब मात्र वेगळे. ते रक्तवाहिन्या आकसवतात आणि सतत वापरले तर लाली दुप्पट जोमाने परतते. पापण्यांवर पाच-दहा मिनिटं कोमट शेक घेतला तर कडेच्या ग्रंथींमधलं घट्ट झालेलं तेल मोकळं व्हायला मदत होते. कुठल्याही पानाफळाचा रस किंवा मध डोळ्यात घालू नये, इतकंच.

मग कुणी काय निवडावं?

मुख्यतः चुरचुर होत असेल तर हवेचा झोत, स्क्रीनची उंची, पापण्या आणि गरज पडल्यास थेंब, या क्रमाने जा. कपाळ दुखत असेल तर अंतर आणि विश्रांती. दोन्ही करून दोन-तीन आठवड्यांत काहीच हललं नाही तर आहारात आणखी काही शोधत बसू नका, नंबर तपासा. दूरचं नीट दिसणाऱ्यालाही छोटा प्लस किंवा तिरपा (सिलिंड्रिकल) नंबर असू शकतो. तो दिवसभर छुपं काम करवून घेतो. चाळिशीच्या आसपास तर भिंगच ताठर होत जातं, तिथे ना पालक पुरेसा पडतो ना विश्रांती. आणि अचानक दृष्टी कमी झाली, तीव्र वेदना झाली, प्रकाशाच्या ठिणग्या किंवा काळे ठिपके एकाएकी वाढले, तर तो ताण नाही; त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा.

एरवी साध्या तपासणीला जाताना स्क्रीन तुमच्या डोळ्यांपासून किती सेंटीमीटरवर असते, ते टेपने मोजून न्या. वाचनाचा नंबर बहुधा 40 सेंटीमीटरसाठी काढतात. तो चष्मा 65 सेंटीमीटरवरच्या स्क्रीनसाठी वापरला की मान पुढे जाते. प्रोग्रेसिव्ह काचा (वर दूरचा आणि खाली जवळचा नंबर असलेल्या) असतील तर हनुवटी वर करून खालच्या भागातून पाहावं लागतं आणि मानेचं दुखणं वर मिळतं. मोजलेलं अंतर सांगितलं तर खास त्याच अंतराचा चष्मा करून मिळतो.