'सीलपॅक' टायगर घेताय? आधी पट्ट्याच्या कड्या मोजा

दादरमध्ये झालेल्या एका व्यवहाराचा तपशील इथे देत आहोत, कारण फसवणारा माणूस प्लास्टिकच्या मॉडेल किटची भाषा बऱ्यापैकी जाणतो आणि हीच क्लृप्ती तो पुन्हा वापरणार. विकायला ठेवलेला माल असा होता: टामिया या जपानी कंपनीचं १/३५ प्रमाणातलं टायगर १ किट, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला जर्मन रणगाडा, अर्ली प्रॉडक्शन (सुरुवातीच्या उत्पादनातला प्रकार), 'सीलपॅक'. सोबत 'फुल कस्टम सेट', म्हणजे टरेट (वरचा फिरता बुरूज) आणि हल (खालचं धड) यांसाठी रेझिनचं झिमरिट (चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून रणगाड्यावर लावायचा रेघांचा लेप), पितळी एच शीट (बारीक भाग कोरलेला पातळ पत्रा), सुट्या कड्यांचे पट्टे आणि खास छापून घेतलेले डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं). अर्धे पैसे यूपीआयवर आगाऊ, उरलेले डबा हातात आल्यावर. भेटायची जागा दादर स्टेशनचा पूल, वेळ संध्याकाळी सातची. त्या वेळी तिथे धड उभं राहता येत नाही, डबा कुठला उघडून बघताय!

सीलपासून सुरुवात करू. डब्यावरचं प्लास्टिकचं आवरण हा कसलाच पुरावा नाही. फिल्मचा रोल आणि हीट गन असली की ते कुणालाही घरबसल्या चढवता येतं. बघायचं ते आतल्या पिशव्यांकडे. यंत्राने बंद केलेल्या पिशवीची कड सरळ असते आणि सगळीकडे सारख्या रुंदीची. या डब्यातल्या दोन पिशव्यांची कड मेणबत्तीवर धरून चिकटवलेली होती: वेडीवाकडी, मध्येच गोळा झालेली, एका टोकाला तपकिरी.

त्याच पिशव्यांमध्ये खरी चोरी होती. खऱ्या अर्ली टायगरला एका बाजूला ८ अ‍ॅक्सल आणि प्रत्येक अ‍ॅक्सलवर ३ चाकं, म्हणजे २४. दोन्ही बाजू धरून ४८. एवढी चाकं एका स्प्रूवर (भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटीवर) मावत नाहीत, म्हणून सारखेच स्प्रू दोनदा येतात आणि पार्ट्सच्या आराखड्यात त्यांच्यापुढे '×२' असं छापलेलं असतं. इथे त्यातला एकच होता. रिकामी जागा भरायला दुसऱ्याच कुठल्या तरी किटचा स्प्रू टाकलेला, त्यामुळे डबा हलवला तरी वजन आणि आवाज बरोबर वाटतो. स्प्रूच्या टॅगवरचं अक्षर आराखड्याशी ताडून बघितलं तर हे दोन मिनिटांत कळतं. प्लास्टिकच्या छटेतला फरकही उजेडात दिसतो, पुलावरच्या दिव्यात नाही.

कस्टम सेटची गंमत वेगळीच. कारखान्यातून टायगरवर झिमरिट लागायला लागलं ते १९४३च्या उन्हाळ्याच्या अखेरीस आणि सप्टेंबर १९४४मध्ये ते बंद झालं. अर्ली टायगरचा ढोलासारखा उंच कपोला (टरेटवरची कमांडरची घुमटी) त्याआधीच, जुलै १९४३च्या सुमारास, बदलला होता. म्हणजे ढोल कपोल्याच्या टायगरवर कारखान्याचं झिमरिट बसतच नाही. जो विक्रेता हे दोन्ही एकत्र विकतो, तो कुणाचा तरी उरलेला माल खपवतोय, एवढं तिथेच ओळखावं.

शिवाय ते झिमरिट नक्कल केलेलं होतं. मूळ रेझिनच्या भागावरून सिलिकॉनचा साचा काढून पुन्हा ओतलं की माप थोडं आटतं. एक टक्का आटलं तरी १०० मिमीवर १ मिमी गेला आणि तेवढ्याने हलच्या कडेला उघडी फट राहते. पातळ भागात हवेचे बुडबुडे, रेघांच्या कडा बोथट, ही आणखी लक्षणं. व्हर्नियर जवळ ठेवा. नकली चाकंही त्यानेच पकडता येतात: खऱ्या चाकाचा व्यास ८०० मिमी, म्हणजे १/३५ मध्ये जवळपास २२.९ मिमी यायला हवा.

पट्ट्यांमध्ये फसवणूक सर्वांत सोपी, कारण मोजायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो. टायगरच्या एका पट्ट्यात ९६ कड्या, जोडीच्या १९२. पिशवीतल्या कड्यांनी जेमतेम दीड पट्टा होत होता. मोजायला वेळ नसेल तर दहा कड्या स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा, मग सगळी पिशवी ठेवा आणि भागाकार करा. पिना वेगळ्या असतील तर त्या आधी बाजूला काढा, नाहीतर हिशेब चुकतो.

डिकल घरच्या इंकजेटवर छापलेले. साधा इंकजेट पांढरी शाई छापत नाही, त्यामुळे पारदर्शक कागदावरच्या जर्मन क्रॉसची पांढरी किनार रंगवलेल्या टरेटवर गायबच होते. वर वार्निशचा थर नसेल तर पाण्यात टाकल्याबरोबर शाई पसरते. कोपऱ्यातलं एक नको असलेलं चिन्ह कापून कोमट पाण्यात टाका आणि मगच उरलेले पैसे द्या. जुन्या किटमधल्या मूळ डिकलनाही हीच चाचणी लावा. मुंबईच्या चार पावसाळ्यांत कपाटात पडून राहिलेली शीट वरच्या कागदाला चिकटते, पिवळी पडते आणि पाण्यात तिचे तुकडे होतात. एच शीट मात्र खरी होती, फक्त वापरलेली. इंजिनवरच्या जाळ्या आधीच कापून घेतलेल्या.

तक्रार केल्यावर दुसरा डाव सुरू झाला. "राहिलेला स्प्रू जपानहून येतोय, कस्टम्समध्ये अडकलाय, ड्युटी या नंबरवर पाठवा." सोबत बारा आकड्यांचा ट्रॅकिंग नंबर. टपालाच्या आंतरराष्ट्रीय नंबरात आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे आणि शेवटी देशाची दोन अक्षरं असतात, जपानसाठी जेपी. टपालाने आलेल्या पार्सलची ड्युटी बॅलार्ड इस्टेटच्या विदेशी डाकघरात ठरते आणि पोस्टातच भरायची असते, कुणाच्या खासगी यूपीआयवर नाही. त्यानंतर 'परतावा' म्हणून क्यूआर कोड आला. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. जिथे पिन मागितला जातो, तिथे पैसे तुमच्याच खात्यातून जातायत.

पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधीच ती गोठवता येते. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, चॅट आणि मूळ जाहिरातीचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. जाहिरात पुसली जाते, म्हणून तिचा स्क्रीनशॉट सौदा ठरायच्या आधीच काढलेला बरा. भेट हवी तर स्टेशनबाहेरच्या एखाद्या उडुपी हॉटेलात ठेवा: टेबल, ट्यूबलाइट आणि दोन चहा. आराखड्याचं पान समोर पसरून एकेक स्प्रू टिक करायचा. विक्रेत्याला घाई असेल तर डबा त्याच्याकडेच राहू द्या.

अर्धवट किट हाती आलंच असेल तर फेकू नका. टामियाच्या माहितीपत्रकात शेवटी सुट्या भागांचे कोड दिलेले असतात, त्यावरून चाकांचा स्प्रू वेगळा मागवता येतो. आधी टपालखर्च विचारा. कधी कधी तो स्प्रूपेक्षा जास्त पडतो.