सारथ की व्हॅप? आठ चाकं विरुद्ध पट्टे

सैनिकांना आघाडीवर नेणारी आपली जुनी गाडी म्हणजे 'सारथ', रशियन बीएमपी-2 या चिलखती गाडीची तेलंगणातल्या मेदकमध्ये बनणारी आवृत्ती. नवी म्हणजे अहिल्यानगरच्या व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने आणि टाटांनी मिळून घडवलेली आठ चाकी 'व्हॅप' (व्हील्ड आर्मर्ड प्लॅटफॉर्म).

सारथचं वजन जेमतेम 14 टन, इंजिन 300 अश्वशक्तीच्या आसपास. रणगाड्यासारख्या लोखंडी पट्ट्यांमुळे वाळूत आणि चिखलात ती चाकांच्या गाडीला सहज मागे टाकते. 30 मिमीची तोफही जोरकस. पण आत वाकून बसा, म्हणजे खरी गोष्ट कळेल. मागे सहा जवान पाठीला पाठ लावून बसतात, मध्ये इंधनाची टाकी. बाहेर पडायच्या मागच्या दारांतही इंधनच! हा आराखडा कुणाला सुचला असेल, देव जाणे. तळ सपाट, त्यामुळे सुरुंगापुढे तिचा निभाव लागणं कठीण.

व्हॅपचं इंजिन 600 अश्वशक्तीचं. मागचा रॅम्प खाली पडला की जवान त्यावरून उतरतात, तळही सुरुंगाचा विचार करून बांधलेला. पाण्यात दोघी तरंगतात. मोरोक्कोनेही व्हॅप घेतली असून तिथे टाटांचा कारखाना उभा राहिला आहे.

लडाखसारख्या ठिकाणी, जिथे रस्त्याने झटपट पोहोचायचं असतं, तिथे मी व्हॅपच निवडेन. थरच्या मऊ वाळूत रणगाड्यांच्या मागोमाग जायचं असेल तर मात्र पट्ट्यांना पर्याय नाही, आणि तिथे सारथची जागाही पट्ट्यांवर चालणाऱ्या नव्या गाडीनेच घ्यावी.