बिल श्रेणी तीनचं, देखभाल पहिल्या दिवसाची

घोडबंदर रोडवरच्या एका वृद्धसेवा केंद्राने आमच्या आत्याच्या देखभालीचे पैसे घेतले आणि ती देखभाल केलीच नाही. ठाण्यात अनेकांचे आईवडील अशा ठिकाणी आहेत, म्हणून लिहितेय.

दाखल झाली तेव्हा आत्या काठी टेकत चालायची, हाताने जेवायची. पुढे तिला अर्धांगवायूचा झटका आला. हॉस्पिटलमधून परतल्यावर केंद्राने तिला ‘श्रेणी तीन’मध्ये घातलं, म्हणजे सगळं अंथरुणावर. बिल जवळपास दुप्पट झालं. ते आम्हाला पटलंही, कारण आता दर दोन तासांनी कूस बदलायची होती, दाटसर करून भरवायचं होतं. दरमहा केअर प्लॅन, म्हणजे तिची देखभाल कशी करायची याचा कागद, नव्याने करण्याचे पैसे बिलात वेगळे असायचे.

न्यूमोनिया झाला तेव्हा डॉक्टरांनी केंद्राची फाइल मागितली. दर महिन्याचा कागद होता, तारीख नवी, सही-शिक्का नवा. मजकूर मात्र दाखल झाल्या दिवसाचा: ‘काठीच्या आधाराने चालते. जेवण स्वतः. आहार नेहमीचा.’ उजवा हात उचलता न येणाऱ्या बाईबद्दल हे लिहिलेलं!

रात्रपाळीच्या मावशी तो कागद बघून तिला कपातून साधा चहा पाजत. गिळण्याची ताकद गेलेल्या माणसाचा पातळ घोट श्वासनलिकेत उतरू शकतो. आत्याला ठसके लागत होते ते त्यानेच. माकडहाडापाशी बेडसोरही, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहून होणारी जखम, झाला होता. मावशींवर माझा राग नाही, त्यांच्या हातात तोच कागद होता. व्यवस्थापक म्हणाले, “ताई, ते कॉम्प्युटरवरून निघतं.”

तुमचं माणूस पडलं, हॉस्पिटलमधून परत आलं, वजन उतरलं किंवा खाणं बदललं, की नवा केअर प्लॅन मागा आणि त्याच दिवशी त्याचा फोटो काढा. माणूस समोर ठेवून एकेक ओळ वाचा. कूस बदलल्याची नोंद वेळेसह असते, ती बघा. रात्रीचे रकाने एकाच पेनाने, एकाच हाताने भरलेले दिसले तर जाब विचारा. श्रेणी वाढवताना तपासणी कोणी केली, हे लेखी घ्या. आणि रात्रीच्या मावशींशी नक्की बोला.

पैशांची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर करता येते. ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७ आहे. आम्ही सगळे कागद जोडून ग्राहक आयोगाकडे जातोय. त्या मजल्यावर अजून बरेच जण अंथरुणाला खिळलेले आहेत. त्यांच्या घरच्यांनी या आठवड्यातच फाइल उघडून बघावी.