विक्कातली देवी आणि देव: कोणत्या परंपरेत कोणाला किती जागा?

विक्का म्हणजे जादूटोणा आणि निसर्गपूजा मानणारा, विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये उभा राहिलेला धर्म. त्याची ओळख करून देणाऱ्या बहुतेक पुस्तकांत सुरुवातीलाच सांगितलेलं असतं की इथे देवी आहे, देव आहे आणि दोघं तोलामोलाचे आहेत. हे खोटं नाही, पण एवढ्यावर निवड करायला गेलात तर फसाल. काही ठिकाणी देव हा देवीचा बरोबरीचा जोडीदार असतो, काही ठिकाणी तिचा मुलगा आणि प्रियकर. एका परंपरेत तर विधीला त्याला बोलावतच नाहीत. म्हणून कुठे जायचं हे ठरवताना मी तत्त्वज्ञान नंतर वाचेन, आधी विधी बघेन. विधीसाठी आखलेल्या वर्तुळात मधोमध कोण उभं राहतं? देवता कोणाच्या तोंडून बोलते? आणि वय झालं म्हणून बाजूला व्हायला कोणाला सांगतात?

त्याआधी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करू. हा धर्म प्राचीन नाही. इजिप्तच्या अभ्यासक मार्गारेट मरे यांनी १९२१ साली असं मांडलं की युरोपात चेटकिणी म्हणून ज्यांना जाळलं-फाशी दिलं ते लोक एका जुन्या, ख्रिस्तपूर्व धर्माचे अनुयायी होते. इतिहासकारांनी ते पुढे साफ खोडून काढलं. पण मलायात कस्टम खात्यात नोकरी करून इंग्लंडला परतलेल्या जेराल्ड गार्डनर यांना ती मांडणी पटली होती. १९३९ मध्ये न्यू फॉरेस्ट भागातल्या चेटकिणींच्या एका जुन्या मंडळात (कोव्हनमध्ये) आपल्याला दीक्षा मिळाली, असा त्यांचा दावा होता. १९५१ साली ब्रिटनमधला जादूटोण्याचा जुना कायदा रद्द झाला, १९५४ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि गोष्ट उघड्यावर आली. पंथ सत्तर वर्षांचा आहे म्हणून तो खोटा ठरत नाही. फक्त ‘हे हजारो वर्षं असंच चालत आलंय’ असं सांगून कोणी एखादा नियम गळी उतरवायला लागलं, तर तो नियम बहुधा १९५०च्या दशकात कोणीतरी टंकलेखन यंत्रावर लिहिलेला आहे हे लक्षात असू द्या. असा एक नियम पुढे येतोच आहे.

जोडीवर उभी असलेली परंपरा

गार्डनर यांच्यापासून निघालेली गार्डनेरियन शाखा आणि १९६०च्या दशकात अ‍ॅलेक्स व मॅक्सीन सँडर्स यांनी सुरू केलेली अलेक्झांड्रियन शाखा, या दोन्हींचा पाया एकच: स्त्री आणि पुरुष ही दोन टोकं आणि त्यांच्यामधली ओढ. देवी चंद्राची, देव शिंगांचा. या शिंगधारी देवाला अनेकदा सेर्नुनोस म्हणतात. हे नाव पॅरिसच्या नोत्र दाम चर्चखाली १७१० साली सापडलेल्या एका रोमनकालीन स्तंभावर कोरलेलं आहे. मंडळात वापरली जाणारी खरी नावं मात्र दीक्षा घेतल्यावरच कळतात.

इथला सगळ्यात महत्त्वाचा विधी म्हणजे ‘चंद्र उतरवणं’. पौर्णिमेला मुख्य पुजारी मुख्य पुजारिणीसमोर गुडघे टेकतो, देवीला तिच्या देहात येण्याचं आवाहन करतो आणि मग ती देवी म्हणून बोलते. मराठी वाचकाला इथे अंगात येणं आठवेल आणि ते फारसं चूक नाही, पण फरक मोठा आहे. आपल्याकडे देवी पुरुषाच्याही अंगात येते आणि गावाला त्याचं नवल वाटत नाही. रेणुका-यल्लम्माचे जोगते तर साडी नेसून, परडी घेऊन फिरतात. गार्डनेरियन चौकटीत हे बसत नाही. देवी स्त्रीतच उतरणार आणि पुरुषाने तिला बोलवायचं. शिवाय तिथे घुमणं कमी आणि पाठ केलेलं गंभीर निवेदन जास्त. त्या निवेदनाचा आज वापरात असलेला गद्य मसुदा गार्डनर यांच्या मंडळाच्या मुख्य पुजारीण डोरीन व्हॅलिएन्टी यांनी १९५०च्या दशकात घडवला. आधीच्या मसुद्यातली अ‍ॅलिस्टर क्रोली या गूढविद्येच्या इंग्रज अभ्यासकाची वाक्यं ओळखून त्यांनी ती बऱ्याच अंशी काढून टाकली. देवालाही असंच एखाद्या पुरुषात उतरवतात, पण ते कमी वेळा घडतं आणि त्याचा एवढा गाजावाजा नसतो.

म्हणजे कागदावर समानता आणि वर्तुळात देवी वरचढ. मुख्य पुजारिणीशिवाय मंडळ चालत नाही. मुख्य पुजारी तिच्या शेजारी, अर्धं पाऊल मागे. देवीपूजक स्त्रीला हे आवडेल. पण १९५७ मध्ये काय झालं तेही तिने वाचावं. प्रसिद्धीच्या हव्यासावरून व्हॅलिएन्टी आणि गार्डनर यांचं बिनसलं, तेव्हा गार्डनर यांनी अचानक ‘जुने कायदे’ पुढे केले. त्यात एक कलम होतं: देवीची प्रतिनिधी तरुण असावी, म्हणून मुख्य पुजारिणीने वेळ आली की धाकट्या स्त्रीसाठी आनंदाने जागा सोडावी. व्हॅलिएन्टी तेव्हा पस्तिशीच्या होत्या, गार्डनर सत्तरी ओलांडलेले. देवाच्या प्रतिनिधीने म्हातारपणी बाजूला व्हावं असं कुठल्याच कलमात नव्हतं. व्हॅलिएन्टी काही साथीदारांना घेऊन बाहेर पडल्या. आजची अनेक मंडळं हे कलम पाळत नाहीत. तरी पहिल्याच भेटीत विचारायचा हा प्रश्न आहे आणि उत्तर देताना समोरची माणसं कशी हसतात तेही बघण्यासारखं असतं.

जोडीच्या या हिशेबातून आणखी तीन गोष्टी येतात. एक, दीक्षा स्त्रीला पुरुषाकडून आणि पुरुषाला स्त्रीकडून मिळते. समलिंगी व्यक्तींना ही चौकट अडचणीची वाटते. त्यातूनच १९७०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये एडी बुझिन्स्की यांनी समलिंगी पुरुषांसाठी मिनोअन ब्रदरहुड ही वेगळी परंपरा उभी केली. दोन, देवी-देवाच्या मीलनाचा ‘महाविधी’. जवळपास नेहमी तो सांकेतिक असतो: चषकात अथामे, म्हणजे विधीचा सुरा, बुडवायचा. ‘जवळपास’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे, तेव्हा तुमच्या मंडळात काय होतं ते आधी स्पष्ट विचारा. तीन, या परंपरेत विधी विवस्त्र करण्याची जुनी रीत आहे. यातलं काहीही तुम्हाला दीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा कळत असेल, तर ते मंडळ तुमच्यासाठी नव्हे. शिकवण्याचे किंवा दीक्षेचे पैसे मागितले तरी तेच. गार्डनेरियन रीतीत दीक्षा विकत नाहीत.

देव मरतो, देवी मरत नाही

आठ सणांचं वर्षचक्र बहुतेक विक्कन पाळतात. त्यातली प्रचलित कथा अशी: यूलला, म्हणजे डिसेंबरच्या अयनाला, देवी देवाला जन्म देते. तो वाढतो, १ मेच्या आसपास बेल्टेनला तिचा प्रियकर होतो, १ ऑगस्टला पहिल्या कापणीबरोबर त्याचा बळी जायला लागतो आणि ३१ ऑक्टोबरच्या साउइनपर्यंत तो मृतांच्या लोकी गेलेला असतो. तिच्या पोटात तोच पुन्हा असतो. मुलगा आणि प्रियकर एकच, हे वाचून कपाळाला आठी पडली तर तुम्ही एकटे नाही. धान्य आणि बी यांच्या नात्याचं हे रूपक आहे असं विक्कन सांगतात. काही मंडळं ही कथा वळसा घालून टाळतात आणि ओक राजा (वाढत्या दिवसांचा) व हॉली राजा (घटत्या दिवसांचा) यांची सहामाही लढाई सांगतात.

भूमिकांच्या दृष्टीने यात खरी गंमत आहे. देवाला घटना मिळतात: जन्म, शिकार, प्रेम, बलिदान. देवीला अवस्था मिळतात: कुमारी, माता, वृद्धा. ही त्रिरूपा देवी आजच्या स्वरूपात रूढ झाली ती मुख्यतः कवी रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांच्या १९४८च्या पुस्तकामुळे. अनेक स्त्रियांना वृद्धेलाही पूज्य मानणारी ही प्रतिमा दिलासा देते. माझी अडचण अशी की तिन्ही पायऱ्या गर्भाशयाच्या घड्याळावर मोजलेल्या आहेत. मूल नको असलेली बाई चाळिसाव्या वर्षी कोणत्या पायरीवर? तिन्हींच्या मधे राणी किंवा योद्धा अशी चौथी पायरी घालून काहींनी वाट काढली आहे, पण ती डागडुजी आहे हे दिसतं.

शिवाय हे चक्र ब्रिटनच्या हवामानाचं आहे. तिथे १ ऑगस्टला धान्य कापायला घेतात म्हणून धान्याचा देव मरायला लागतो. कोकणात त्या सुमाराला भाताची लावणी नुकती उरकलेली असते. मेलबर्नमधले विक्कन सहा महिने पुढेमागे करून देवाला जूनमध्ये जन्म देतात. पुण्यात बसून करायचं तर नुसतं पुढेमागे करून भागणार नाही.

डायॅनिक आणि रिक्लेमिंग: देवाचं काय करायचं?

दोन्ही कॅलिफोर्नियातल्या, दोन्ही स्त्रीवादातून आलेल्या, पण या एका प्रश्नाला दोघींची उत्तरं अगदी उलट.

हंगेरीत जन्मलेल्या झुझाना बुडापेस्ट यांनी १९७१च्या हिवाळी अयनाला लॉस एंजेलिसमध्ये फक्त स्त्रियांचं मंडळ सुरू केलं. त्यांच्या डायॅनिक परंपरेत देव नाही असं कोणी ठासून सांगत नाही. सगळं देवीच्या पोटातून आलं, पुरुषही, म्हणून वेगळं आवाहन कशाला, असा युक्तिवाद आहे. परिणाम असा की मीलनाचा विधी नाही, मुख्य पुजारी नाही, टोकांमधली ओढ नाही. पहिली पाळी, रजोनिवृत्ती, अत्याचारातून सावरणं अशा, इतरत्र ज्यांना विधीच नाही अशा गोष्टींना इथे विधी आहे. ही या परंपरेची सगळ्यात भक्कम बाजू. कमकुवत बाजू म्हणजे ‘स्त्री कोण’ हा प्रश्न. २०११ साली सॅन होझेच्या पॅन्थिआकॉन संमेलनात एका डायॅनिक विधीला ट्रान्स स्त्रियांना प्रवेश नाकारला आणि मोठं वादळ उठलं. सगळे डायॅनिक गट तसे नाहीत, पण गृहीत धरून जाऊ नका. शिवाय टेक्ससमध्ये उगवलेली मॅकफारलंड डायॅनिक नावाची वेगळी शाखा आहे. तिथे देवी मुख्य, तरी देवाला आणि पुरुषांना जागा आहे. नाव सारखं आहे म्हणून गोंधळू नका.

रिक्लेमिंगने देवाला हाकललं नाही. त्याच्याभोवतीची चौकट मोडली. रिक्लेमिंगच्या एक संस्थापक, सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टारहॉक यांच्या १९७९च्या पुस्तकात स्त्री-पुरुष ऊर्जेची भाषा होती. दहा वर्षांनी नवी आवृत्ती काढताना त्यांनी स्वतःच टिपा जोडून ती मागे घेतली. आपलं जुनं पुस्तक असं उघडपणे खोडणारे धर्माचार्य विरळाच. रिक्लेमिंगच्या १९९७च्या तत्त्वांमधला देवी-देवांचा उल्लेखही २०१२ मध्ये बदलून अनेक लिंगांच्या, अनेक रूपांच्या देवतांना जागा देण्यात आली. कायमची पुजारीण नाही, भूमिका फिरत्या, निर्णय सहमतीने. पुरुषाने देवी धारण केली तरी चालतं, म्हणजे जोगत्यांच्या मुलखातून आलेल्या माणसाला हे गार्डनेरियन वर्तुळापेक्षा ओळखीचं वाटेल. किंमत अशी की सभा लांबतात. अणुऊर्जेविरुद्ध आंदोलनं करत वाढलेला हा गट आहे. तुम्हाला पूजा हवी असेल आणि राजकारण नको असेल तर कंटाळाल.

एकट्याने करायचं तर

स्कॉट कनिंगहॅम यांच्या १९८८च्या पुस्तकाने एकट्याच्या विक्काला मान्यता मिळवून दिली. मांडणी साधी आहे: वेदीच्या डाव्या बाजूला देवी, उजव्या बाजूला देव, दोघांची एकेक मेणबत्ती, चषक आणि घंटा तिच्याकडे, सुरा आणि धूपपात्र त्याच्याकडे. खरी समानता आढळते ती इथेच, कारण पुढे-मागे उभं राहायला दुसरं माणूसच नाही. मात्र ‘चंद्र उतरवणं’ इथे फिकं पडतं. स्वतःला स्वतःच आवाहन करणं अनेकांना जमत नाही.

मराठी घरातून जाणाऱ्यांनी

शिव-शक्तीचं समीकरण लगेच बसवू नका. विक्कातला देव ध्यानस्थ, अविचल नाही; तोच मरणारा आणि जन्मणारा आहे. स्थिर आहे ती देवी. म्हणजे आपल्या तांत्रिक मांडणीच्या जवळपास उलट.

आणि कालीची तयारी ठेवा. अमेरिकन देवी-चळवळीतल्या एका प्रसिद्ध नामघोषात इसिस, अस्तार्ते, डायना, हेकाटी, डीमीटर यांच्या रांगेत कालीचं नाव येतं. काही मंडळांत ती सरसकट ‘वृद्धा’ म्हणून खपवतात. जिच्या घरी नवरात्रात घट बसतो तिला ते विचित्र वाटणार. तुम्ही भारतीय म्हणून तुम्हाला आपोआप कालीची तज्ज्ञ ठरवलं जाण्याचीही शक्यता बरीच आहे.

मग निवड? ब्रिटनमध्ये असाल, गुरुपरंपरा आणि शिस्त आवडत असेल, स्त्री-पुरुष जोडीच्या प्रतीकात मन रमत असेल तर गार्डनेरियन किंवा अलेक्झांड्रियन. सहसा एक वर्ष आणि एक दिवस थांबवतात, ते तुमच्याही फायद्याचं आहे. देव हा शब्दच नको झालेल्या बाईने डायॅनिक गट बघावा, ट्रान्स मैत्रीण सोबत असेल तर आधी विचारून. दोन टोकांची भाषाच पटत नसेल तर रिक्लेमिंग. मंडळांची पौर्णिमा बाहेरच्यांना बघायला मिळत नाही, पण ब्रिटनमध्ये पेगन, म्हणजे ख्रिस्तपूर्व निसर्गधर्मांना मानणाऱ्या, मंडळींच्या पबमधल्या उघड्या भेटी होतात आणि १९७१ पासूनची पेगन फेडरेशन ही संस्था अशा वाटा दाखवते. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १३ हजार लोकांनीच स्वतःला विक्कन म्हणवलं, तेव्हा लहान गावात निवड करायला दोन मंडळं मिळतीलच असं नाही. मिळालं ते एकच मंडळ पटलं नाही, तर घरी डाव्या-उजव्या दोन मेणबत्त्या लावून वर्षभर थांबलेलं बरं.