शाळा सुटल्यावरचे दोन वर्ग, समूहगान आणि वादविवाद: एका आईचा अभिप्राय

माझी लेक आठवीत आहे. शाळा सुटल्यावर ती दोन जादा वर्गांना थांबते, एक समूहगानाचा आणि दुसरा वादविवादाचा. दोन्ही ऐच्छिक, दोन्हींना परीक्षेत गुण नाहीत. मुलांना घालावं का, असं बरेच पालक विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पाचपैकी चार तारे देतेय.

मूल धीट व्हावं म्हणून लोक अशा वर्गांना घालतात. आमच्या घरी तो प्रश्नच नव्हता. ही मुळातच धीट. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर असताना हिचं उत्तर तयार असायचं, आणि ते उत्तर बहुतेक वेळा भलत्याच प्रश्नाचं असायचं. त्यामुळे मला एवढंच बघायचं होतं, की इथे हिला ऐकायला शिकवतात का. दोन्हीकडे शिकवलं, आणि दोन्हीकडची रीत अगदी वेगळी निघाली.

आधी गाण्याचं. पाश्चात्त्य पद्धतीच्या समूहगानात आवाजांचे चार गट असतात, सर्वांत उंच आवाजापासून सर्वांत खालच्यापर्यंत: सोप्रानो, आल्टो, टेनर, बास. मूळ चाल बहुतेक वेळा सोप्रानोकडे जाते. बाईंनी हिला आल्टोत बसवलं. घरी आठवडाभर धुसफूस चालली होती, कारण आल्टोची ओळ एकटी म्हणून बघा, ते गाणं वाटतच नाही. दोन-तीन सुरांभोवती घुटमळत राहायचं. शेजारच्या मुली मस्त चाल गात असतात आणि तुमचा आवाज सारखा त्यांच्याकडे ओढला जातो. तो ओढू द्यायचा नाही, पण कान मात्र तिकडेच ठेवायचा, नाहीतर सूर जुळत नाही. हे वाचायला सोपं वाटतं. करून बघितलेल्यांना विचारा.

मला सगळ्यात आवडली ती श्वासाची तालीम. लांब धरलेला सूर मध्येच तुटू नये म्हणून सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नसतो, आळीपाळीने घ्यायचा असतो. शेजारीण श्वास घेतेय तोवर तुम्ही सूर धरून ठेवायचा. मग तुम्ही थांबायचं, आणि परत येताना हळूच, धक्का न देता सुरात शिरायचं. हे जमायला शेजारणीचा श्वास ऐकू यावा लागतो. बाईंची कसोटी एकच: शेजारणीचा आवाज ऐकू येत नसेल तर तुम्ही गरजेपेक्षा मोठ्याने गाताय. माझ्या मुलीला हे मी वर्षानुवर्षं वेगळ्या शब्दांत सांगत आले होते. माझं पोचलं नाही, बाईंचं पोचलं.

शाळेच्या माहितीपत्रकात 'संगीताने बुद्धी तल्लख होते' असं छापलंय. त्यावर जाऊ नका. १९९३ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात मोझार्टच्या संगीतावरचा जो छोटा प्रयोग आला आणि ज्यावरून ही समजूत पसरली, तो महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर होता. त्यांनी संगीत फक्त ऐकलं होतं, शिकलं नव्हतं, आणि आकृत्यांच्या एका प्रकारच्या कोड्यांत दिसलेला फायदा दहा-पंधरा मिनिटांत ओसरला होता. गाणं शिकावं ते गाण्यासाठी. मुलांना त्यातून जे मिळतं ते तेवढ्यानेच भरपूर आहे.

आता वादविवाद. पुष्कळ जण याला वक्तृत्व समजतात. वक्तृत्वात भाषण पाठ करून जाता येतं, इथे त्याने निभाव लागत नाही. आमच्या शाळेत जागतिक शालेय वादविवाद स्पर्धेची पद्धत वापरतात. दोन संघ, प्रत्येकी तीन वक्ते, प्रत्येकाला आठ मिनिटं, शेवटी दोन्हीकडून चार-चार मिनिटांचं समारोपाचं भाषण. पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून मधे कधीही समोरचा उभा राहून प्रश्न टाकू शकतो, तो १५ सेकंदांत आटपायचा. प्रश्न घ्यायचा की नाही हे बोलणाऱ्याच्या हातात असतं. गुणांची वाटणी मला पटली: आशयाला ४०, शैलीला ४०, डावपेचाला २०. म्हणजे नुसत्या आवाजावर आणि हातवाऱ्यांवर जिंकता येत नाही.

हिला सरांनी तिसरी वक्ता केलं. तिसऱ्याचं काम जवळजवळ सगळं खंडनाचं, म्हणजे भाषण घरून तयार करून नेताच येत नाही. सर एका आडव्या कागदावर रकाने आखायला लावतात, प्रत्येक वक्त्याला एक रकाना, आपल्या बाजूची शाई निळी, समोरच्यांची लाल. समोरचा बोलत असताना त्याचा प्रत्येक मुद्दा थोडक्यात उतरवायचा आणि शेजारी उत्तर. मुद्दा नीट ऐकला नाही तर रकाना रिकामा राहतो, आणि उभं राहिल्यावर सगळ्यांना ते कळतं. 'गृहपाठ बंद करावा' या विषयावर हिला विरोधी बाजू आली. स्वतः गृहपाठाची कट्टर शत्रू! चार दिवस कुरकुरली, मग अशी काही बोलली की मीच विचारात पडले.

याचा परिणाम घरात दिसतो. मोबाइलच्या वेळेवरून बापलेकीची जुंपली की हल्ली ती आधी म्हणते, "बाबा, तुझं म्हणणं असं आहे ना की…" आणि त्याचा मुद्दा त्याच्यापेक्षा नेटका मांडते. मग खोडते. पूर्वी याच विषयावर दार आपटलं जायचं.

एक तारा कापला तो स्पर्धेच्या हव्यासामुळे. स्पर्धा जवळ आली की निवडलेल्या मुलांनाच सराव मिळतो, बाकीची मागच्या बाकांवर बसून घड्याळ लावतात. वादविवादात उभं राहिल्याशिवाय काही शिकता येत नाही, त्यामुळे हे मला अजिबात मान्य नाही आणि मी तसं शाळेला कळवलंय. गाण्यातही स्नेहसंमेलनाच्या आधी महिनाभर त्याच दोन गाण्यांची घोटाई चालते, नवीन काही शिकवत नाहीत.

मुलग्यांच्या पालकांसाठी एक गोष्ट. साधारण याच वयात आवाज फुटतो आणि बरीच मुलं लाजून गाणं सोडतात. आमच्या बाई त्यांना काढत नाहीत, खालच्या सुरांच्या ओळीत हलवतात, काही महिने कमी गायला लावतात, पण तालमीला बसवतात. प्रवेश घेण्याआधी तुमच्या शाळेत काय करतात ते विचारा. वादविवादासाठी विचारायचं ते असं: निवड न झालेलं मूल महिन्यातून किती वेळा उभं राहून बोलतं, आणि परीक्षकाचं म्हणणं त्याला समोर बसवून सांगतात की नुसता निकाल लावतात? उत्तर गोलमोल आलं तर एका तासाला मागे बसून बघायची परवानगी मागा. आमच्याकडे दोघांनीही ती लगेच दिली.